शिट्टीबाईंच्या तोंडातले खिळे

मध्यंतरी आमच्या गल्लीत बातमी पसरली की शिट्टीबाईंनी या वयात दुसरा संसार मांडला. पुरावा भक्कम होता. त्यांच्या दाराबाहेर रोज सकाळी पुरुषांचे बूट दिसत. बरं, एकाच मापाचे असते तर लोकांनी समजून तरी घेतलं असतं. पण कधी काळे, कधी तपकिरी, आणि एकदा तर एवढे अवाढव्य, की आमची ही म्हणाली, "अहो, हा माणूस दारातून आत शिरला कसा?"

बातमी कुणी पसरवली ते विचारू नका. बाईंच्या दारासमोरच्या खिडकीत मी राहतो, एवढंच सांगतो.

खुलासा बाईंनीच केला. पायरीवर बसून एका बुटाचा तळवा ब्रशने घासत त्या खालूनच ओरडल्या, "अहो वार्ताहर, लोकांनी दिलेले जुने बूट आहेत हे! धुवायचे, वाळवायचे, नाड्या ओवायच्या आणि शनिवारी हॉलवर न्यायचे. त्यातला एखादा नवरा म्हणून पसंत पडला, तर पहिली बातमी तुम्हालाच देईन."

बाईंनी जन्मभर शाळेत खेळ शिकवले. निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. घरात त्या एकट्या, आणि गेलेल्या यजमानांची एक खुर्ची. खुर्चीच्या स्प्रिंगा वर आलेल्या, कापड फाटलेलं, तरी तिच्यावर कुणी पेपर ठेवलेलाही त्यांना चालत नसे. एकदा मी नुसता टेकायच्या बेतात होतो, तर अशी शिट्टी वाजली की मी उभ्या उभ्याच चहा प्यायलो.

हॉल म्हणजे बंद पडलेल्या छापखान्यामागची लांबट खोली. युद्धामुळे, छळामुळे आपला देश सोडून जीव मुठीत धरून आलेली माणसं तिथे येत. कुणाला आश्रय मिळालेला, कुणाचा अर्ज लटकलेला. त्यांच्यासाठी राबणारी मंडळी सगळी बिनपगारी: दातांच्या निवृत्त डॉक्टरीणबाई, सुट्टीच्या दिवशी येणारा बसचा ड्रायव्हर, भाषा शिकवणारं एक नवराबायकोचं जोडपं. बाईंकडे बुटांचा विभाग. बाकांवर मापाप्रमाणे जोड्या मांडलेल्या, समोर आरसा, बसायला स्टूल. बुटांचं दुकानच जणू, फक्त गल्ला नाही. "ज्याचे पाय, तो निवडेल," हा बाईंचा पहिला नियम. दुसरा नियम त्याहून कडक. माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यालाच देऊ द्यायचं, मध्ये आपण बोलायचं नाही. कुणी स्वयंसेवक कळवळून मध्येच बोलला की शिट्टी.

तिथेच एका शनिवारी कारागीर आला. तो कारागीर आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. बारीक, अबोल माणूस. बूट घालून पाहायला स्टुलावर बसला, स्टूल डुगडुगलं. त्याने बूट राहू दिले, स्टूल उलटं केलं, खिशातल्या किल्लीने स्क्रू पिळले, बैठकीचं सैल कापड ताणून बसवलं आणि मग शांतपणे बूट निवडले. हळूहळू कळलं की मायदेशी तो सोफे आणि खुर्च्या भरायचा, म्हणजे आत गादी भरून वर कापड चढवायचा. बायको आणि लहान मुलगी अजून तिकडेच, सीमेपलीकडच्या एका छावणीत. त्याला आश्रय मिळाला होता, पण पक्कं काम आणि राहायला जागा दाखवल्याशिवाय त्या दोघींना आणायची परवानगी मिळणार नव्हती. मुलगी रोज फोनवर विचारायची, काम मिळालं का?

बाजाराच्या कोपऱ्यावरच्या सोफावाल्यांना माणूस हवाच होता. "एक दिवस येऊ दे, हात बघतो," ते म्हणाले.

बाईंनी हॉलवर सगळ्यांना बजावलं, "उद्या कुणीही तिकडे फिरकायचं नाही. तो म्हणालाय, एकटा जाईन. एकटा जाईल."

दुसऱ्या दिवशी सगळे तिकडे फिरकले. डॉक्टरीणबाईंना म्हणे अचानक उशी घ्यायची होती. ड्रायव्हर सहज चालला होता, त्याच्या घराच्या उलट दिशेने. आणि बाई? "मी भाजीला आलेय," म्हणाल्या, आणि हातात पिशवीसुद्धा नव्हती. मी होतोच. माझ्याशिवाय कुठे काय घडतं?

समोरच्या फूटपाथवरून काचेतून आतलं दिसत होतं. कारागीर सोफ्यापाशी गुडघ्यांवर, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. त्याच्या डोक्यावर सोफावाले उभे, चेहरा लाल, हातात हे एवढं कात्रीचं धूड. ती नाचवत ते ओरडत होते. कारागीर एक शब्द बोलेना, नुसती मान हलवी.

"जबडा बघा कसा आवळलाय," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. "घाबरलाय तो."

"अहो, कात्री बघा की त्यांच्या हातात!" ड्रायव्हर म्हणाला.

आणि शिट्टी वाजली. बाईंनी दार ढकललं. "खबरदार! हा माणूस एकटा नाहीये!"

मागोमाग आख्खी फौज आत. कारागीर दचकून दोन्ही हात हलवायला लागला. 'थांबा, थांबा' असं ते होतं. आमच्या मंडळींनी 'वाचवा, वाचवा' असं वाचलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला छातीशी धरला. शेवटी त्याने मान सोडवून घेतली, तळहातावर तोंडातले बारीक खिळे एकेक करून काढले आणि नव्या भाषेतले शब्द जुळवत म्हणाला, "बाई... काम चालू आहे."

जुने कारागीर असंच काम करतात म्हणे. खिळे ओठांत धरायचे, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने एकेक उचलायचा आणि ठोकायचा. दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहतो.

"माझे वडील असेच काम करायचे, हे सांगत होतो मी त्याला!" सोफावाले गरजले. "त्यांच्यानंतर असा हात बघितला नव्हता! आणि तुम्ही माझ्याच दुकानात मला शिट्टी मारता?"

सोफावाल्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते कौतुकही भांडल्यासारखं करतात. हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी आजवर कुणाचं कौतुक केलंच नव्हतं.

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. कारागिरालाही. "हा ठेवला की रोज तुमची वरात माझ्या दारात. मला परवडणार नाही."

फूटपाथवर कारागीर कुणावर रागावला नाही. तळहातावरच्या खिळ्यांकडे बघत म्हणाला, "संध्याकाळी मुलगी विचारेल." खिळे बाईंच्या हातावर ठेवले आणि गेला.

बाई ते खिळे मुठीत धरून घरापर्यंत चालत गेल्या. खरं सांगतो, थट्टा करायची माझी हिंमत झाली नाही.

सकाळी त्यांनी मला हाक मारली. हातगाडीवर यजमानांची खुर्ची चढवायची होती. ड्रायव्हर गाडी ओढत होता, मी ढकलत होतो, कारागीर काही न समजून मागून येत होता.

"आता काय?" सोफावाले दारातच आडवे.

"गिऱ्हाईक आहे मी." बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "काल चुकलं माझं. एकटा जाईन म्हणाला होता, मीच विश्वास ठेवला नाही. शिक्षा मला करा. त्याला कशाला?"

सोफावाले खुर्चीभोवती फिरले. बोटाने लाकूड वाजवून पाहिलं. जुनं, पक्कं लाकूड दिसलं की यांना राहवत नाही. "कोण बसतं हिच्यावर?"

"कुणी नाही."

"मग भरायची कशाला?"

बाईंनी फाटक्या कापडावरून हात फिरवला. "बसावं आता कुणीतरी."

सोफावाले खाकरले. "ठीक आहे. तो भरेल. पण तुम्ही इथे समोर बसायचं, तोंडात खिळे धरून. तुमच्या तोंडून एक शब्द निघाला की खुर्ची रस्त्यावर."

"अहो, आणि गिळले म्हणजे?" पोचलेल्याच होत्या डॉक्टरीणबाई.

"मग शब्दही जातील बरोबर!"

बाईंनी पदराची गाठ सोडली. कालचेच खिळे. ओठांत धरले आणि स्टुलावर ताठ बसल्या.

मंडळी, बातमी मी नेली नाही, ती आपल्या पायांनी गेली. काचेबाहेर ही गर्दी! लहानपणी बाईंनी उठाबशा काढायला लावलेली मोठमोठी माणसं कामधंदा टाकून बघायला आली. आत कारागीर जुनं कापड उसवत होता, बैठकीखालच्या पट्ट्या ताणत होता, स्प्रिंगा दोरीने बांधत होता. मध्येच ड्रायव्हरला राहवेना. "ही पट्टी मी धरू का? त्याला जड जात असेल!" बाईंचा हात सवयीने गळ्याकडे गेला. शिट्टी कुठे होती? त्यांनी पायच आपटला, डोळे असे वटारले की ड्रायव्हर दोन्ही हात खिशात घालून मागे सरला. कारागिराने ते पाहिलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. ओठ मिटून, खिळे सांभाळत, तो माणूस हसत होता. बाईही.

काम संपल्यावर सोफावाल्यांनी कडा चाचपल्या, बैठक दाबून पाहिली, मग स्वतः बसले. आणि एकदम ताडकन उठून ओरडायला लागले. हात उडवून, लाल होऊन ओरडायला लागले. या वेळी कुणीही मध्ये पडलं नाही.

"उद्यापासून ये!" ते ओरडत होते.

धोबीखान्याच्या वरची खोली मिळाली. परवानगीला फार वेळ लागला, पण मिळाली. बायको-मुलगी स्टेशनवरून आधी बाईंकडेच आल्या. पोरगी आत शिरली ती थेट खुर्चीवर, बुटांसकट, आणि लागली उड्या मारायला. मी खिडकीत कान झाकून शिट्टीची वाट बघत राहिलो. बाई जमिनीवर बसल्या, पोरीचा पाय धरला आणि बुटाची नाडी सोडायला लागल्या.

मला राहवलं नाही. मी वरून हाक मारली, "बाई, खिळ्यांनी तुम्ही गप्प बसता हे आधी कळलं असतं तर गल्लीला किती आराम मिळाला असता!"

बाईंनी नाडीवरून मान वर केली. "खिळे अजून डबीत आहेत, वार्ताहर. शनिवारी हॉलवर या. बुटांच्या जोड्या लावायला माणूस कमी आहे, बोलायला नाही."