गाडीची ओटी

मातामायवर माझी श्रद्धा आहे. पण तिला डिझेल गाडीतलं काही कळतं का, याची मला गेल्या हिवाळ्यापर्यंत शंका होती. ती मी कुणाजवळ बोलले नव्हते, कारण घरात सासूबाई होत्या.

घाटंजीजवळच्या आमच्या गावात वेशीवर मातामायचं ठाणं आहे. कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला दगड. तिला विचारल्याशिवाय सासूबाई लोणचंसुद्धा घालत नाहीत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजव्यातला इतका पिकला होता की डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, आता थांबलात तर नजर हातची जाईल. सासूबाईंनी ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली आणि दोनदा मोडली. एकदा मांजर आडवी गेली, एकदा दूध उतू गेलं. तिसऱ्यांदा त्या तयार झाल्या, पण अटीवर. आपल्याच गाडीनं जायचं आणि वाटेत मातामाय नको म्हणाली तर तिथूनच परत फिरायचं. मी घाईघाईनं हो म्हटलं. ती नको कसं म्हणेल, हे विचारायचं राहून गेलं.

आमची गाडी जुनी. दसऱ्यानंतर ती काळा धूर सोडू लागली. आधी फक्त चढावर, मग सपाट रस्त्यावरही. मागून येणारे दुचाकीवाले तोंडाला रुमाल लावून पुढे निघत आणि निघताना माझ्याकडे असं बघत की मीच चूल पेटवून बसले आहे. गॅरेजवाल्यानं सांगितलं, काळा धूर म्हणजे एक तर डिझेल जास्त जातं, नाही तर हवा कमी पडते. हवेची जाळी काढून बघितली तर ती स्वच्छ. म्हणून त्यानं इंजेक्टर साफ केले. धूर होता तसाच. आमचे हे म्हणाले, गाडीचं वय झालं. मी मात्र रोज सकाळी बॉनेट उघडून आत बघायची. काय बघायचं ते कळत नव्हतं, पण बघितलं की बरं वाटायचं.

ऑपरेशनच्या दिवशी ह्यांना कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मीच गाडी काढली. यवतमाळच्या रस्त्यावर एका चढाला गाडीचा दम संपला. मागे सगळं काळंकुट्ट झालं आणि तो धूर खिडकीतून आत आला. सासूबाई खोकल्या, मग शांतपणे म्हणाल्या, "मातामाय नाही म्हणून राह्यली, पोरी. वापस चाल."

मला रडूच आलं. आज परत फिरलो तर त्या पुन्हा कधी निघणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि मनात म्हटलं, माते, मला येत होतं ते सगळं करून झालं. आता तुला काही येत असेल तर तू कर. प्रार्थनेला शोभणारा हा सूर नव्हता, पण इतक्या खऱ्या मनानं मी तिला कधीच काही सोपवलं नव्हतं.

सासूबाईंना पाणी द्यायला मी मागे वळले. रस्त्याकडेनं एक बाई बकऱ्या घेऊन चालली होती. त्यातली एक पुढचे पाय बंपरवर टाकून उभी राहिली आणि तिनं सरळ बॉनेटमध्ये तोंड घातलं. मी धावले. तोवर तिनं हेडलाइटच्या मागचं एक काळं टोक दातात धरून ओढलं होतं. ते टोक मी रोज बघत होते आणि गाडीचाच भाग समजत होते. तो निघाला मळून काळा झालेला खण. त्याच्यामागे दुसरा खण, मग तिसरा. हळकुंडं, सुपाऱ्या, तांदूळ, सगळं रस्त्यावर सांडलं. ज्या नळीतून इंजिनला हवा जाते, तिच्या तोंडातून.

सासूबाईंनी काहीही न लपवता सांगितलं. दसऱ्याला त्यांनी गाडीची ओटी भरली होती, घरची लक्ष्मीच ती. सीटवर ठेवली तर कुणी वर बसेल, म्हणून बॉनेटमध्ये ठेवली. डोळ्यांना दिसत नाही, तर चाचपून बघितलं आणि एक छानशी पोकळी हाताला लागली. पुढे धूर सुरू झाला तेव्हा त्यांना वाटलं, ओटी कमी पडली. मी बॉनेट उघडून फडकं आणायला गेले की त्या आणखी एक खण आत सरकवत.

तुमच्या भक्तीनंच गाडीचा गळा दाबला, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तांदूय खाल्ले का तिनं?"

"सगळे खाल्ले."

त्यांनी हात जोडले. "मंग ओटी पावली मातामायले. चाल, उशीर होऊन राह्यला."

मी ते वाक्य गिळलं. सासूबाईंनी जाता जाता बकरीचं नाव विचारलं, मोठ्या आशेनं. ती बाई म्हणाली, "बकरीले कायचं नाव, माय?"

गाडी सुरू केली तर एक भपका निघाला आणि मग काहीच नाही. चढ तिनं गुमान चढला. ती बकरी कुणी पाठवली होती, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की इतके दिवस मी नुसती काळजी ओतत होते आणि वारा यायला जागाच ठेवली नव्हती. हात टेकले तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. त्या उपकाराची आठवण आली की आजही माझे डोळे भरतात, आणि लगेच हसूही येतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. परतताना सासूबाई खिडकीतून सारख्या मागे बघत होत्या.

"धूर काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "माहा डोया सुधरला का गाडी?"

मी म्हटलं, दोन्ही.

त्यांनी आणखी एकदा मागे बघितलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्या डोयाची तारीख घेऊन टाक. अन् जातानी त्या बकरीसाठी मूठभर तांदूय घेजो."

त्या तारखेला निघताना तांदळाची पुरचुंडी मी मागच्या सीटवर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.