पाण्याचा पेला

त्या घरात सगळ्या तिला थोरली म्हणत. तरुणपणी तिनेही धंदा केला. आता ती दाराशी बसून माणसं पारखायची. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी पाण्याचा पेला. ज्याला घोटभर पाण्यापुरता धीर नाही, तो जिन्यावरूनच परत.

समोरचा इस्त्रीवाला कपडे द्यायला आला की म्हणायचा, "थोरले, तुम्ही आहात म्हणून आमच्या लेकीबाळी सुखरूप." तिला ते ऐकून बरं वाटायचं. जगाने नावं ठेवलेल्या कामाला कुणीतरी चांगलं म्हणतंय, एवढ्यावरच खूश. बिचारी!

एकदा एका गोदामवाल्याने पेला न पिताच खाली आपटला. नेहमीचाच माणूस म्हणून थोरलीने काणाडोळा केला. आत त्याने धाकटीवर जबरदस्ती केली. ती नको म्हणाली तर गळा आवळला. धाकटी आपली नावाचीच, चाळिशी ओलांडलेली बाई. थोरली तिला घेऊन तडक चौकीत गेली. हवालदार हसला. "तुमच्यावर कसली जबरदस्ती? दुकान उघडं ठेवायचं, आणि गिऱ्हाईक शिरलं की बोंब मारायची!" दोघी मुकाट्याने परतल्या. थोरलीने त्या माणसाला दार कायमचं बंद केलं.

पुढच्याच महिन्यात इस्त्रीवाल्याची लेक, दवाखान्यातली नर्स, कामावरून येत होती. एका माणसाने तिला गाठून अंगावर हात टाकला. लोक धावले, तो पळाला. वर्णन ऐकताच थोरली म्हणाली, "तोच तो गोदामवाला. त्याला मी दार बंद केलंय."

इस्त्रीवाला तिच्यावरच उखडला. "मग त्याला घरात का घेतला नाहीस? तुम्ही आहात कशाला?"

थोरलीच्या काळजाला घरं पडली. इतकी वर्षं जे कौतुक म्हणून ऐकलं, ते हे होतं तर. "म्हणजे धाकटीचा गळा चालला असता?" तिने विचारलं.

पण गोदामवाल्याचं नावगाव थोरली आणि धाकटी या दोघींनाच ठाऊक. पुन्हा हसू होणार हे माहीत असूनही त्या बापलेकीबरोबर चौकीत गेल्या. आज हवालदार सावरून बसला होता.

"तुम्ही त्याला कशा ओळखता?"

"मागच्या महिन्यात इथेच सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "तुम्ही हसला होतात."

हवालदाराने घाईने लेकीकडे पाहिलं. "बोल बेटा, तुझी तक्रार सांग."

"आधी यांची लिहा," लेक म्हणाली. "तेव्हाच लिहिली असती, तर मला इथे यावंच लागलं नसतं."

मग इस्त्रीवाला उठला आणि त्याने आपली खुर्ची धाकटीला दिली.