मोठ्या शेतामधलं कुंपण

नवऱ्याचं ऑफिस कॉव्हेंट्रीला हललं तेव्हा आम्ही लंडनमधला पिनरचा फ्लॅट सोडला आणि शहराबाहेर एका फार्मवरचं छोटं कॉटेज भाड्याने घेतलं. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी घरूनच काम करायचे, त्यामुळे कुठेही राहिलं तरी मला चालणार होतं. आमची घरमालकीण पन्नाशीची, एकटी, सगळी शेती तीच बघायची. तिचे वडील ऐंशीच्या पुढचे. ते तिच्याबरोबर फार्महाउसमध्ये राहायचे. नजर अधू झाल्याने डॉक्टरांनी त्यांना गाडी आणि ट्रॅक्टर दोन्ही बंद केलं होतं. आम्ही घरात त्यांचा उल्लेख आजोबा असाच करायचो.

कॉटेजसमोर एक प्रचंड शेत होतं. पार चढाच्या टोकापर्यंत गहू, मधे एकही झाड नाही. मला ते समुद्रासारखं वाटायचं आणि आवडायचंही. त्या वर्षी मालकिणीने सरकारच्या नव्या योजनेत नाव घातलं. शेताच्या मधोमध काटेरी झुडपांचं जिवंत कुंपण लावायचं, ते वर्षानुवर्षं जपायचं, पाखरांच्या विणीच्या दिवसांत त्याला कात्री लावायची नाही, मेलेल्या रोपाच्या जागी नवं रोप लावायचं. त्याबद्दल सरकार पैसे देणार.

मी फोनवर आईला हे सांगितलं. तेव्हा कॉलिंग कार्ड स्क्रॅच करून पुण्याला फोन करावा लागायचा, अर्धं बोलणं ‘ऐकू येतंय का’ मध्येच जायचं.

“कुंपण घालायला सरकार पैसे देतं?” आई म्हणाली. “चोऱ्या होतात का तिकडे?”

“चोरांसाठी नाही गं. पाखरांसाठी.”

“पाखरं तर वरून येतात.”

“त्यांना घरटी करायला जागा हवी ना. आणि वाराही अडतो, माती वाहून जात नाही.”

आई म्हणाली, “आपल्याकडे बांधावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात, आणि तुमच्याकडे एकाच मालकाच्या शेतात मधे बांध!”

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी लागवड झाली. गावातली काही माणसं मदतीला आली, आम्ही दोघंही गेलो. रोपं म्हणजे नुसत्या काड्या होत्या, बोटाएवढ्या जाड, मुळं उघडी, ओल्या पोत्यांत गुंडाळलेली. फावड्याने जमिनीत चीर पाडायची, काडी आत सरकवायची, बुटाने माती दाबायची आणि सशांनी साल खाऊ नये म्हणून प्लास्टिकची गुंडाळी चढवायची. हात बधिर झाले होते, पण मजा येत होती.

दुपारी आजोबा काठी टेकत गेटपर्यंत आले. मी थर्मासमधला चहा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी कप घेतला नाही.

“इथे कुंपण होतंच,” ते म्हणाले. “याच जागी. मी तिशीत असताना सरकारचा माणूस आला होता. म्हणाला, काढून टाक, मोठी यंत्रं फिरली पाहिजेत, देशाला धान्य हवंय. काढायलाही पैसे दिले त्यांनी. मी काढलं. जिल्ह्यात माझं नाव झालं होतं.” मग लेकीकडे हात करून म्हणाले, “आता तेच सरकार हिला लावायला पैसे देतंय. मग मी काय आयुष्यभर गवत उपटत होतो?”

ते वळून घरी गेले. त्यानंतर कित्येक महिने त्या शेताचा विषय त्यांच्यासमोर कोणी काढला नाही. मालकीण मला एवढंच म्हणाली, “त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण ते तसंच ऐकतात.”

वसंतात काड्यांना पानं फुटली. जूनमध्ये मालकिणीचं खुब्याच्या सांध्याचं ऑपरेशन ठरलं. ती हॉस्पिटलात आणि मग नॉटिंगहॅमला बहिणीकडे राहायला गेली. गुरं सांभाळायला शेजारचा एक शेतकरी येऊन जायचा. कुंपणाचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि नेमका त्या उन्हाळ्यात पाऊस गायब झाला. गवत पिवळं पडलं, जमिनीला भेगा गेल्या. इंग्लंडमध्ये भेगाळलेली जमीन मी पहिल्यांदाच बघत होते.

एका संध्याकाळी दारावर काठीची टकटक झाली. आजोबा उभे होते.

“तुला गाडी चालवता येते ना?”

“येते.”

“मग ट्रॅक्टर पण येईल. चल.”

मी भाताचा गॅस बंद केला आणि गेले. ट्रॅक्टरमागे त्यांनी पाण्याची टाकी आधीच जोडून घेतली होती, ती कशी जोडली देव जाणे. क्लच, गिअर, ब्रेक, सगळं त्यांनी हाताने चाचपत दाखवलं. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीपेक्षा हळू, मी ट्रॅक्टर ओळीच्या कडेने नेत राहिले आणि ते पाइप धरून मागून चालत राहिले. मधेच हाक मारायचे. थांबून मी खाली उतरले की ते एखाद्या रोपाची साल नखाने खरवडायचे.

“बघ. हिरवं की तपकिरी?”

“हिरवं.”

“मग पाणी. आणि हे?”

“तपकिरी.”

“गेलं. पुढे चल.”

उजेड रेंगाळत होता तोवर आम्ही काम केलं, आणि दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. मग ते रोजचंच झालं. नवरा ऑफिसमधून येऊन स्वयंपाक करायला लागला.

एकदा टाकी भरत असताना मी विचारलं, “तुम्हाला तर हे कुंपण नको होतं?”

“नकोच आहे.” ते पाण्याकडे बघत होते. “आम्ही जुनं काढलं त्या दिवशी माझी आई घराबाहेर आली नाही. त्या कुंपणातल्या ब्लॅकबेरी ती दरवर्षी तोडायची, जॅम करायची. मला एक शब्द बोलली नाही. रात्रीचं जेवण वेळेवर वाढलं. तिने भांडायला हवं होतं.” मग पाइप टाकीतून बाहेर ओढत म्हणाले, “माझी मुलगी भांडते. ते बरंय.”

मालकीण कुबड्यांवर परतली तेव्हा बरीच रोपं गेली होती, पण त्याहून जास्त जगली होती. तिने ओळीभर नजर फिरवली, ट्रॅक्टरवरच्या माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“कोणी नाही,” आजोबा म्हणाले. “योजना तुझी आहे. पाणी माझं आहे.”

ती हसली नाही. तिने एक कुबडी माझ्याकडे दिली, मोकळ्या हाताने वडिलांचा दंड धरला आणि दोघं सावकाश घराकडे गेली. मी ट्रॅक्टर शेडमध्ये लावला. माझ्याकडून पहिल्यांदाच तो सरळ लागला.

थंडीत योजनेच्या खात्याचा एक तरुण पाहणीला आला, नकाशा घेऊन ओळ चालून गेला. आजोबांनी त्याला अंगणात गाठलं आणि जुनं कुंपण काढायला लावणाऱ्या माणसाची सगळी कथा ऐकवली. तो मुलगा अवघडून उभा होता. शेवटी म्हणाला, “सॉरी, सर.”

“तू जन्मला तरी होतास का तेव्हा?”

“नाही.”

“मग सॉरी कशाला? आत ये, चहा घे.”

आजोबा आणखी दोन हिवाळे होते. ते गेल्यावर थोड्याच दिवसांत आम्ही नॉटिंगहॅमला घर घेतलं. त्यानंतर एकदा मे महिन्यात त्या रस्त्याने जाणं झालं. कुंपण माझ्या खांद्याच्या वर गेलं होतं, पांढऱ्या फुलांनी भरलं होतं आणि आतून पाखरांचा नुसता कलकलाट चालला होता. आम्ही गेटपाशी गाडी थांबवली. मालकीण शेताच्या पलीकडच्या टोकाला होती. तिने ओळखलं आणि हात वर केला. मग ओरडून काहीतरी म्हणाली, पण पाखरांच्या आवाजात ते ऐकू आलं नाही, म्हणून आम्ही गेट उघडून आत गेलो.