फेब्रुवारीतला एक मार्च

एमिल प्रोकॉपकडे चौतीस जणांचे पासवर्ड होते. कंपनीच्या नियमात हे अजिबात बसत नव्हतं. पण पिट्सबर्गच्या तळावरच्या केबिन क्रूपैकी कुणालाही विचारा, घराची किल्ली शेजारणीला देताना दहादा विचार करतील, एमिलला पासवर्ड द्यायला मात्र कुणी मागेपुढे पाहिलं नव्हतं. माणूसच तसा होता. चोपन्न वर्षांचा, काटकुळा, एकोणतीस वर्षं विमानात कॉफी ओतूनही बाहीवर एक डाग पडू न दिलेला. घरात एकटा असतानाही शर्ट खोचून बसायचा. असल्या माणसाचा कधीकधी राग येतो, पण पासवर्ड द्यायची वेळ आली तर असल्यालाच द्यावा.

दर महिन्याला कंपनी फेऱ्यांचे तीनशे संच काढायची. एका संचाला लाइन म्हणत. कुठल्या तारखेला उडायचं, मुक्काम कुठे, सुट्टी कधी, सगळं त्यात. ज्याने त्याने लाइनी पसंतीच्या क्रमाने लिहून द्यायच्या आणि वाटप व्हायचं नोकरीच्या ज्येष्ठतेने. एक नंबरच्या बाईने एकच लाइन लिहिली तरी भागतं. दोनशे सत्त्याऐंशी नंबरवालीला दोनशे सत्त्याऐंशी लिहाव्या लागतात, कारण वरच्यांनी काय शिल्लक ठेवलंय ते देवालाच ठाऊक. तीनशे लाइनी वाचता वाचता माणसाचे डोळे पांढरे व्हायचे. एमिलची बायको इर्मा वारली त्या हिवाळ्यात घर खायला उठायचं, म्हणून त्याने एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. रविवारची सुट्टी असेल तर इतके गुण, पहाटेची फेरी असेल तर इतके वजा, असं सांगितलं की मिनिटभरात तीनशे लाइनी क्रमाने उभ्या. आधी तो स्वतःपुरताच होता, मग दोघातिघांचं करून दिलं, आणि बघता बघता चौतीस झाले. बदल्यात कुणी अक्रोडाचा रोल आणायचं, कुणी पिरोगींचा, म्हणजे बटाट्याच्या करंज्यांचा, डबा. एकट्या माणसाच्या फ्रीजमध्ये जागा उरायची नाही.

सन दोन हजारच्या जानेवारीतल्या त्या बुधवारी दुपारी बारा वाजता फेब्रुवारीची पसंती बंद होणार होती. एमिलने सगळ्यांच्या याद्या मंगळवारीच भरून टाकल्या होत्या. त्यात नोरीन साबोची होती, नंबर दोनशे सत्त्याऐंशी. तिची मागणी एकच. एक मार्चला सकाळी दहा वाजता तिला कोर्टात उभं राहायचं होतं. आठ वर्षांच्या लेकीचा, मॉराचा, ताबा तिच्या बापाने मागितला होता, आणि अर्जात लिहिलं होतं की मुलीची आई आकाशातच राहते. नोरीनची रजा संपलेली, गैरहजेरीचे तीन शेरे पडलेले. चौथा पडला की नोकरी गेली, आणि बिननोकरीच्या आईचं कोर्टात काय होतं ते सांगायला वकील लागत नाही.

तारीख मार्चची, पण सवाल फेब्रुवारीचा होता. कंपनीचा फेब्रुवारी एकतीस जानेवारीला सुरू होऊन एक मार्चला संपायचा. महिने साधारण सारखे व्हावेत म्हणून कुण्या शहाण्याने कधीकाळी ठरवलेलं. तळावर त्याचं कुणाला नवल नव्हतं. महिन्याच्या शेवटच्या फेरीची आपसात अदलाबदलही कंपनी करू देत नसे. म्हणजे एक मार्च मिळायचा तर याच यादीतून.

"बाकी महिनाभर मला नरकात पाठवा, एमिल," नोरीन म्हणाली होती. "पहाटे चारच्या फेऱ्या द्या, चार चार दिवस घराबाहेर ठेवा. तो एक दिवस तेवढा सोडवा."

"मिळेल," एमिल म्हणाला. इतक्या खालच्या नंबरला असं छातीठोक सांगू नये. पण आपल्या प्रोग्रॅमवर त्याचा फार जीव होता.

बुधवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी चर्चच्या कचेरीतून ॲग्नेसचा फोन आला.

"इर्माच्या पुण्यतिथीची प्रार्थना, मिस्सा, लिहून घेतेय. बुधवार, एक मार्च, सकाळी आठ. बरोबर?"

"मंगळवार," एमिल म्हणाला. समोर कालचा छापील कागद होता, त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं: एक मार्च, मंगळवार.

"बुधवार रे बाबा."

"ॲग्नेस, माझ्यासमोर कागद आहे."

"आणि माझ्यासमोर बिशपसाहेबांचं कॅलेंडर आहे. तू तुझ्या मशीनला विचार नाहीतर पोपला विचार, एक मार्चला बुधवारच आहे. एकोणतीस तारीख खाल्लीस की काय?"

एमिलने फोन ठेवला.

त्याने प्रोग्रॅम उघडला. लीप वर्षाचा हिशेब त्यानेच लिहिला होता, आणि मोठ्या ऐटीत लिहिला होता. चारने भाग गेला की लीप वर्ष, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. शंभराने भाग गेला तर मात्र लीप नाही, हे कुठेतरी वाचून त्याने घातलं होतं. चारशेने भाग गेला तर पुन्हा लीप, हे त्याच्या वाचनात आलंच नव्हतं. कमी शिकलेला असता तर बरोबर ठरला असता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! नवं साल उजाडताना जगातली सगळी मशीनं बंद पडणार म्हणून लोकांनी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या, तेव्हा हा गालात हसत होता.

त्याच्या प्रोग्रॅमला एकोणतीस फेब्रुवारी नावाचा दिवसच माहीत नव्हता. एक मार्च समजून त्याने सगळीकडे एकोणतीस तारखेची सुट्टी शोधली होती. नोरीनच्या यादीत वरच्या साठ लाइनींपैकी छप्पन्नांत एक मार्चला काम होतं. तो दिवस तिला मिळू नये म्हणून मुद्दाम यादी करायची म्हटली असती, तरी याहून फार वेगळी झाली नसती.

नोरीनला विचारायची सोय नव्हती. ती सिएटलच्या वाटेवर, विमानात होती.

चूक दुरुस्त करायला एक ओळ पुरली. चौतिसांपैकी अठ्ठावीस फेब्रुवारीनंतरचा दिवस मागणारे तिघंच निघाले: नोरीन, लुसिल ग्राबियाक आणि तो स्वतः. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी नोरीनची नवी यादी छापून बाहेर आली. एक मार्च मोकळा असलेल्या लाइनी तीनशेत शहाण्णवच होत्या. त्याने कंपनीला मोडेम लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तळावरची अर्धी माणसं शेवटच्या अर्ध्या तासात जागी होतात, हे एमिल वर्षानुवर्षं नाक मुरडत सांगत आला होता. आज तो त्यांच्याच रांगेत होता, आणि घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

अकरा पस्तीसला फोन लागला. नोरीनचा पासवर्ड. शहाण्णव आकडे एकेक करून, जुन्या यादीच्या डोक्यावर. मध्येच १४१ चा ११४ झाला, तो मागे जाऊन सुधारला. अकरा सत्तेचाळीसला पडद्यावर आलं: यादी स्वीकारली.

आता लुसिल आणि तो स्वतः. आणि इथेच एमिलचा हात थांबला.

लुसिलचा नंबर चार, त्याचा बावीस. दोघांच्या याद्या आत्ता चुकलेल्या होत्या, म्हणजे दोघंही एक मार्च मोकळी असलेली लाइन घेणार नव्हते. त्या दोन लाइनी खाली सरकणार होत्या. याद्या सुधारल्या की त्या दोन गेल्या. शहाण्णवातल्या किती दोनशे शहाऐंशी जणांच्या हातून सुटून नोरीनपर्यंत पोचतील, हे कुणी सांगावं? कदाचित तीन, कदाचित एकही नाही. काहीच न करता बसून राहिलं तर तिची आशा वाढत होती. लुसिलला कधी कळलंही नसतं. मशीन चुकलं, संपलं.

पण तिने पासवर्ड मशीनला दिला नव्हता, एमिलला दिला होता.

घरात फोनची तार एकच. लुसिलला विचारायचं तर कंपनीशी लागलेली लाइन तोडावी लागणार, आणि परत लागेल याची खात्री नाही. त्याने तोडली.

"अरे एमिल, आत्ता? मी केसांना रंग लावून बसलेय."

"लुसिल, ऐक. चूक झालीय, माझी. तुझा एक मार्च यादीत आलाच नाही." मग त्याने एका दमात सगळं सांगितलं. नोरीनचंही, कोर्टाचंही, स्वतःच्या चुकलेल्या यादीचंही. "तुझे चारच आकडे आहेत, मी आत्ता भरू शकतो. पण तू नाही म्हणालीस तर..."

घड्याळात अकरा पन्नास.

"माझी ग्लोरिया शाळेच्या नाटकात परी झाली, तेव्हा मी कुठे होते माहीत आहे? डेन्व्हरला," लुसिल म्हणाली. "धाकटा पहिलं पाऊल टाकून चालला तो शेजारणीच्या स्वयंपाकघरात. तेव्हा वरच्या बायांपैकी कुणी माझ्यासाठी जागा सोडली? कुणी फोन तरी केला? चौतीस वर्षं खालून वर सरकत आलेय मी, एमिल. बहिणीला फ्लोरिडाला न्यायचं कबूल केलंय, तिचे डोळे जात चाललेत. पुढच्या वर्षी तिला समुद्र दिसेलच असं नाही."

"बरं."

"मला वाईट समजू नकोस."

"नाही समजत."

"मग भर माझे आकडे. आणि तू ना, मेल्या, हे मला विचारायला नको होतंस."

खरंच नको होतं. तिच्या अंगावर उगाच ओझं टाकलं, असं त्याला वाटलं, आणि त्याबद्दल स्वतःचाच राग आला. एंगेज. एंगेज. तिसऱ्यांदा लागला. लुसिलचे चार आकडे अकरा सत्तावन्नला आत गेले.

तीन मिनिटं उरली. त्याची नवी यादी मांडीवर होती. बावीस आकडे भरायला त्याच्या बोटांना दीड मिनिट पुरे. इर्माची मिस्सा सहा वर्षं त्याने चुकवली नव्हती. पहिल्या बाकावर तो, शेजारी तिची बहीण, नंतर तिघांचा नाश्ता फादरबरोबर. आत्ताची चुकलेली यादी तशीच राहिली तर एक मार्चची सकाळ त्याला ओमाहाच्या हॉटेलात काढावी लागणार होती.

आणि त्याने सोडलेली जागा नोरीनला मिळेल असंही नव्हतं. ती आधी तेविसाव्याला, मग चोविसाव्याला. एखादीने वाटेतच उचलली की संपलं. आकाशात फेकलेला दगड आपल्याला हव्या त्या छपरावर पडत नसतो. पण ही एकच जागा अशी होती की जी सोडताना कुणाला विचारावं लागत नव्हतं.

त्याने हात मांडीवर ठेवले. पडद्यावर त्याचं नाव होतं, खाली जुने बावीस आकडे. अठ्ठावन्न. एकोणसाठ. खालच्या चर्चची घंटा वाजायला लागली आणि पडद्यावर लिहून आलं की फेब्रुवारीची पसंती बंद झाली आहे. "माफ कर गं," तो मोठ्याने म्हणाला. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

शनिवारी क्रूच्या खोलीत भिंतीवर कागद लागले. एमिल वरून बोट फिरवत आला. लुसिलला फ्लोरिडासाठी एक मार्च मिळाला होता. बावीस नंबरला ओमाहा. पुढे त्याचं बोट हळू झालं. एक मार्च मोकळा असलेल्या लाइनींवर तो पेन्सिलीने बारीक टिंब देत चालला. शंभरापर्यंत एकेचाळीस गेल्या. दोनशेपर्यंत ऐंशी. दोनशे साठला त्र्याण्णव. दोनशे ऐंशीला पंचाण्णव. दोनशे एक्क्याऐंशी, नाही. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, नाही. दोनशे सत्त्याऐंशी, साबो: लाइन दोनशे चौदा. एक मार्च मोकळा. शहाण्णवावी. तिच्यानंतर कुणालाच तो दिवस मिळाला नव्हता.

लुसिल मागे येऊन कधी उभी राहिली ते त्याला कळलं नाही. तिने चष्मा लावून बावीस नंबरची ओळ वाचली.

"बावीस आकडे भरायला तुला वेळ पुरला नाही?"

"नाही पुरला."

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, कोट चढवला आणि निघून गेली.

तेवढ्यात नोरीन आत आली, गणवेशातच, बॅग ओढत. तिने कागद पाहिला आणि सगळ्यांदेखत एमिलच्या गळ्यात पडली. "तुम्ही माझी मॉरा वाचवलीत," ती म्हणत होती, रडत होती, हसत होती. "कशी फेडू मी हे, एमिल?"

गप्प राहिला असता तर चाललं असतं. खोलीतल्या कुणालाच काही माहीत नव्हतं.

"नोरीन, बस जरा. सांगायचंय." आणि त्याने सांगितलं. लीप वर्ष, ॲग्नेसचा फोन, एंगेज लागणारी लाइन. स्वतःच्या बावीस आकड्यांबद्दल तो बोलला नाही.

नोरीनचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे चर्चच्या बाईने फोन केला नसता, तर?"

"तर एक मार्चला तू कामावर असतीस."

"मी यादी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझी मुलगी तुमच्या त्या मशीनवर सोडून मी निवांत झोपले. आई आहे मी."

"चूक माझी होती."

"पुढच्या महिन्यापासून माझी मी भरीन, एमिल. राग मानू नका."

"बरोबर आहे," तो म्हणाला. ओमाहाबद्दल एक वाक्य बोललं असतं तर ती विरघळली असती. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. ते त्याने गिळलं.

कोपऱ्यात कंपनीचा कॉम्प्युटर होता. नोरीन तडक जाऊन त्याच्यासमोर बसली आणि पासवर्ड बदलण्याचं पान उघडलं. तारखा रकान्यांशी कशा जुळवून बघायच्या ते दाखवायला एमिल मागोमाग गेला आणि तिच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. तिने बोटं कळांवर ठेवली आणि थांबली.

एमिलने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचं टाइप करून होईपर्यंत तो तसाच उभा होता.