तंगुसाचा वेढा

तिन्हीसांजेला बाळाला पाजता पाजता डोळा लागू देऊ नकोस, असं सासूबाईंनी तृप्तीला बाळंतपणाहून आल्या दिवशीच बजावलं होतं. "त्या येळेला उंबऱ्यात माणसं उभी असत्यात. आपलीच असत्यात, पर उभी असत्यात." तृप्ती पडली मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींपैकी फक्त जंतूंवर तिचा विश्वास. ती हसत म्हणाली होती, "मग तुमच्या नातीला सांगा, तिन्हीसांजेला भूक लावून घेऊ नको म्हणून." सासूबाई देवापुढची वात सारखी करत बसल्या.

आणि आज वेळ तीच आहे. पाच महिन्यांची इरा कुशीत पीत पडलेली, तिच्या कपाळावर घामाचे थेंब. बाहेर इचलकरंजीचे माग चाललेत, खटखट, खटखट, भिंतीला कान लावला तर भिंतसुद्धा चालतेय असं वाटावं. तृप्तीचे डोळे जड झालेत, पण मन सकाळच्या फोनपाशी अडकलंय. फोन तिच्या धाकट्या भावाचा, सुयोगचा. शिंपोशीहून, माहेराहून.

"ताई, आज खडस काढतोच बघ."

खडस म्हणजे वाकडी नदीतला मासा. अंगावर नाण्याएवढे खवले, ओठांशी चार मिशा, आणि गळाला लागला की पहिल्याच धावेत बैलासारखी ओढ. वाकडीत तो धरणं येरागबाळ्याचं काम नाही. तळाला कातळाच्या कपारी, मध्ये उंबरडोहाचं काळं पाणी, आणि वरच्या अंगाला वीजघर. तिथून पाणी कधी सोडतील त्याचा नेम नसतो. त्यांचे वडील तात्या, गावचे वायरमन, सगळा जन्म त्या डोहावर खडस धरत आले. नदीनं त्यांचं कधी काही वाकडं केलं नाही. गेल्या वर्षी गेले ते काविळीनं, दवाखान्यात, पाण्यापासून लांब. ते होते तोवर 'चल रे नदीवर' म्हटलं की सुयोगच्या पोटात दुखायचं. तृप्ती चपला घालून तयार असायची, तर 'पोरीचं काय काम तिथं' म्हणून तिला मागे ठेवायचे. आता तात्या नाहीत आणि सुयोग रोज संध्याकाळी डोहावर जाऊन बसतो. बापाशी बोलायचं राहून गेलेलं माणूस असंच कुठंतरी जाऊन बसतं.

"दोनदा लागला आणि दोनदा सुटला," तो फोनवर सांगत होता. "आता गळाचा तंगूस हाताला गुंडाळूनच बसणार. मग बघू कुठं जातोय!"

"हाताला नको रे. तात्या कधी हाताला गुंडाळत होते का?"

"तात्या काय करत होते ते तात्यांनी सांगितलं कुठं? तू ठेव फोन. थर्मामीटर उशाशी घेऊन झोपणारी बाई तू, तुला मांजर शिंकलं तरी काळजी."

हसला होता. तीही हसली होती. हसू ओठांवरच राहिलं, पोटात उतरलं नाही.

खटखट. खटखट. मग त्या आवाजातला एक एक टाका सुटत जातो आणि खटखटीची खळखळ होते. तृप्तीला कळतं की आपल्याला कळत नाहीये. इराचे ओठ चुळबुळतात, थांबतात.

उंबऱ्यात तात्या उभे आहेत.

खाकी पँट, खिशाला टेस्टर, पायांत चपला नाहीत. पायांखाली फरशीवर पाणी साचत चाललंय.

"निजली व्हय पोरगी?"

"हळू बोला तात्या. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"नाकानं माझ्यावर गेलीय."

"तुम्ही बघितली कुठं तिला?" तृप्ती म्हणते, आणि म्हटल्यावर तिला लाज वाटते. ते गेले तेव्हा इरा नव्हतीच. तात्या मात्र मान हलवतात, जणू हे बोलणं नेहमीचंच.

"बसा ना. चहा टाकते."

"बसायला येळ न्हाई. सुयोगकडं निघालोय. वाटंत तुझं घर लागलं."

शिंपोशीच्या वाटेवर इचलकरंजी लागत नाही. तृप्तीच्या मानेवरून काहीतरी गार सरकतं.

"कशाला निघालाय त्याच्याकडं?"

"एकटाच बसतोय रोज. काय येत न्हाई त्याला. शिकवायचं ऱ्हायलं माझ्याकडनं." तात्या पायांकडं बघतात. "म्हटलं, घिऊन जावं संगं. निवांत शिकवीन."

गेलेलं माणूस स्वप्नात येतं त्याचं काही नाही. ते कुणाला बरोबर न्यायचं म्हणालं, की मग त्याचं सगळंच आहे. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. प्रत्येक घरात असतं हे, मीठमोहरीच्या डब्यासारखं.

"त्याला नका नेऊ," ती म्हणते. "मला शिकवा. मी शिकवते त्याला."

"तुला?" तात्या हसतात. तेच खोकल्यात संपणारं हसू. "गांडूळ बघितलं की पळत होतीस."

"खडसाला गांडूळ कशाला लागतंय? उंबरावर धरता तुम्ही. ओट्यावर उंबरांची पिशवी असायची, मी बघितलीय."

तात्यांच्या तोंडावर काहीतरी उजळतं आणि विझतं. "चल तर. पर येळ कमी हाय. त्येनं गळ टाकलाय तिकडं."

स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडलं की गल्ली लागायला हवी. कॉलेजची प्रयोगशाळा लागते. लांब टेबलं, काचेच्या बश्या, बश्यांमध्ये नदीचं पाणी. तात्या टेबलांमधून वाकून चालतात.

"सावली पाण्यावर पडू द्यायची न्हाई. खडसाला डोळं असत्यात. त्यो तुला आदी बगतो, मग तू त्याला."

तृप्ती वाकते. कुशीत इरा आहे की नाही हे तिला कळत नाही. कूस ऊबदार आहे, एवढं कळतं.

"इरा कुठाय तात्या?"

"हाय की. म्होरं बग."

पुढं उंबर आहे. त्याचा बुंधा दवाखान्याच्या जिन्यातून वर गेलाय, फांद्या डोहावर पसरल्यात. पायऱ्यांवर पिकली फळं पडलीत, काही फुटलेली, त्यांच्यातून चिलटांसारखी केंबरं उडतायत. तात्या एक उंबर उचलतात, दोन बोटांत दाबून बघतात, टाकून देतात. दुसरं घेतात.

"लाल पायजे, पर मऊ नको. देठाकडनं गळ घालायचा. आन् आदी रिकामं सोडायचं." ते गळाविना एक फळ पाण्यात टाकतात. टप. "असं. त्येला वाटलं पायजे, झाडच देतंय." आणखी एक. टप. "आयत्या जेवणाला कोण न्हाई म्हणतंय? तुझ्या लग्नात तुझा चुलता तीनदा बसला हुता पंगतीला."

तृप्तीला हसू फुटतं आणि त्याच क्षणी पाण्याखालून काहीतरी मोठं, पिवळसर, आळस दिल्यासारखं वळतं.

"आता तू."

गळ तिच्या हातात आहे. ती उंबर ओवते. देठाकडून, सांगितलं तसंच. टप. फळ बुडतं. पारदर्शक तंगूस पाण्यात उतरत जातो. त्याचं दुसरं टोक वाळक्या भोपळ्याला बांधलंय, भोपळा तात्यांच्या काखेत.

"बोटावर नुसता ठेवायचा. ह्या बोटावर. मिशांनी चाचपंल, मग सोडंल, मग परत येईल. तवर श्वास घ्यायचा. आन् वडला, की सोडायचा."

"सोडायचा? मग धरायचा कशाला?"

"भोपळा सोडायचा त्येच्या मागनं. डोहभर पळू दे. भोपळा काय बुडत न्हाई, मासा दमतो. दमला की आपण जाऊन उचलायचा. खडसाशी ताकद लावायची न्हाई पोरी. त्येच्याकडं नदी हाय."

एवढं साधं आहे. तृप्तीला रडू येतं. हे एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि त्यासाठी तिकडं पोरगा हाताला फास लावून बसलाय.

"कळलं तात्या. जाते मी, सांगते त्याला."

"कळून काय हुतंय? हाताला कळाय पायजे."

बोटावरचा तंगूस हलतो. हलकं, एखाद्यानं झोपेत बोट धरावं तसं. सुटतो. पुन्हा हलतो. तृप्ती श्वास घेते. आणि मग ओढ येते.

ती सोडत नाही.

का, ते तिलाही ठाऊक नाही. हात आपोआप फिरतो, एक वेढा, दुसरा, तिसरा, तळव्यावरून, घट्ट. जिन्याच्या पायऱ्या संपतात. पाणी गुडघ्याला आहे, कमरेला आहे.

"सोड!"

"काय लागलंय तात्या? दुसऱ्या टोकाला काय आहे?"

"मासा हाय. सोड."

"मासा नाहीये. मासा असा ओढत नाही." ही ओढ तिच्या ओळखीची आहे. रोज तिन्हीसांजेला तिच्या छातीशी असते ती. "इरा आहे का? तात्या, इरा कुठाय?"

"बगू नगंस. आईचा हात सोडत न्हाई, म्हणूनच म्हटलं हुतं पोरीचं काम न्हाई. सोड गं माझी बाय!"

तात्यांचा आवाज आता अगदी स्पष्ट ऐकू येतो, कारण बाकीचं सगळं थांबलंय. खळखळ थांबलीय. नदीचा एकही दगड बोलत नाही.

"गप झाली," तात्या हळूच म्हणतात. "दगडं बुडाली सगळी. वरनं पाणी आलं."

पाणी छातीला लागतं. तृप्ती वेढे सोडवायला बघते, पण तंगूस मांसात रुतलाय. तात्या भोपळा काखेतून काढून पाण्यावर ठेवतात, सावकाश, नैवेद्याचं ताट ठेवावं तसा. तो त्यांच्याजवळच तरंगत राहतो.

"जमलं न्हाई पोरी. असू दे." त्यांच्या तोंडावर राग नाही, हेच भयंकर आहे. "त्येलाबी न्हाई जमायचं मग. जातो मी."

"थांबा! तात्या, पुन्हा एकदा. एकदाच!"

ते डोहाच्या पलीकडं चालत निघालेत. पलीकडच्या खडकावर निळी टोपी घातलेला कुणीतरी पाठमोरा बसलाय, आणि त्यानं एक हात पोटाशी घट्ट धरलाय.

"अगं ए! ऊठ! तिन्हीसांजेची निजलीस व्हय?"

अंधार. माग बंद आहेत. वीज गेलीय आणि सगळी गल्ली मुकी झालीय. सासूबाई दारात दिवा घेऊन उभ्या. इरा छातीशी शांत, पोट वर-खाली होतंय. तृप्ती तिच्या नाकाशी बोट धरते. श्वास आहे. पायाला हात लावते. पाय गरम आहेत.

"काय झालं? भ्यालीस?" सासूबाई जवळ येतात. "आणि मूठ का आवळलीस अशी?"

उजवी मूठ उघडत नाही. बोटं आपली नसल्यासारखी झालीत. सासूबाई दिवा खाली ठेवतात, आपल्या दोन्ही हातांत ती मूठ घेतात आणि एक एक बोट उकलतात. तळव्यावर तीन वेढे उमटलेत. खोल, लाल, ओले. वळांत बारीक काळी वाळू आहे.

सासूबाई वाळूकडं बघतात, मग सुनेकडं. 'मी सांगितलं होतं' असं त्या म्हणत नाहीत. "कोण आलं होतं?" एवढंच विचारतात.

"तात्या."

"काय मागितलं?"

"सुयोग."

सासूबाईंनी स्वतःच फोन उचलून तिच्या हातात दिला.

सुयोगचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. डोहावर रेंज कधीच नसते. आईला लावला. गुडघ्याच्या ऑपरेशननं आई अंथरुणावर आहे. "गेलाय की डोहावर. यायचा आता. तू कशाला सारखी घाबरतीस गं?" शेजारच्या बंडूकाकांना लावला. काका हसले. "तृप्ते, मागं तू गॅसचा वास येतोय का बघा म्हणून आळी उठवलीस, आठवतंय का? येतोय पोरगा. जेव आणि नीज." आणि फोन बंद झाला. आयुष्यभर सगळ्याची काळजी करत आलेल्या माणसाचं हेच होतं. खऱ्या वेळेला त्याच्याजवळ वेगळा आवाज उरत नाही.

तिचा नवरा गाडी आणायला धावलाय. तरी इथून शिंपोशी लांब आहे, घाट आहे, आणि पाणी कुणासाठी थांबत नाही.

म्हणून आता हे वाचणाऱ्या तुम्हालाच सांगायचं. तुमच्यापैकी कुणी वाकडीच्या जवळपास असाल, शिंपोशीच्या पुलावरून जाणार असाल, तर जरा थांबा. गाडी बंद करा आणि ऐका. खळखळ येत असेल तर वेळ आहे. उंबराच्या अंगानं खाली बघा. निळी टोपी घातलेला पोरगा खडकावर बसलेला दिसेल. सुयोग म्हणून हाक मारा. हाताचे वेढे सोड म्हणा, भोपळ्याला बांध म्हणा, मासा गेला तर जाऊ दे म्हणा. कुणी सांगितलं विचारलं, तर ताईनं, म्हणा.

आणि त्याच्या शेजारी खाकी पँटीतला, ओल्या पायांचा एक म्हातारा बसलेला दिसला, तर भिऊ नका. स्वभावानं फार चांगला माणूस आहे. त्याला एवढंच सांगा, की पोरीनं मूठ उघडली. उशिरा उघडली, दुसऱ्याच्या हातानं उघडली, पण उघडली. आता ती शिकवेल त्याला. तुम्ही एकटेच जा.