जिलबी, मठ्ठा आणि चोवीस खड्डे

आमच्या परसात चोवीस खड्डे होते. हा आकडा अंदाजाचा नाही. मी फीत घेऊन, वाकून, दोनदा मोजलेला आहे. तिसऱ्यांदा मोजताना कंबर धरली म्हणून सोडून दिलं.

परस म्हणजे काही माळरान नव्हे. बिबवेवाडीतल्या आमच्या रो-हाउसमागे एकवीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद जमीन आहे. तेवढ्यात एक कढीपत्ता, एक लिंबू, चार जास्वंदी, कपडे वाळत घालायची तार आणि दोन कुत्री. त्यांची नावं जिलबी आणि मठ्ठा. (नावं आमच्या चिरंजीवांनी, अनिकेतने ठेवली. जिलबी तांबूस, शेपटीला अडीच वेढे. मठ्ठा पांढरा आणि स्वभावाने पातळ. मी दारात उभा राहून "जिलबीऽ, मठ्ठाऽ" अशी हाक मारतो तेव्हा रस्त्याने जाणारे लोक आशेने थांबतात.)

ही दोघं आमच्याकडे आली आणि पहिले चार महिने त्यांनी जमिनीला नखसुद्धा लावलं नाही. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

आता जगतापांबद्दल. जगताप म्हणजे आमचे शेजारी. मधे साडेचार फुटांची भिंत. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे हिरवळ. हिरवळ म्हणजे कशी, तर त्यावर झोपायची हिंमत होऊ नये अशी! कडेने गुलाब, आणि एकेक गुलाब लहान कोबीएवढा. या सगळ्याच्या मधोमध त्यांची कुत्री राणी, पुढचे पाय जुळवून, सोसायटीची चेअरमन असल्यासारखी बसलेली. आमच्या सोसायटीत दरवर्षी परसबाग स्पर्धा होते आणि सलग तीन वर्षं पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं आहे. तिन्ही चषक त्यांनी खिडकीत ठेवलेत. त्यांच्या घराला नऊ खिडक्या आहेत. चषक आमच्याकडे उघडणाऱ्या खिडकीत आहेत.

मी साधा माणूस आहे. कारखान्यात तयार भागांची मापं तपासण्यात सत्तावीस वर्षं घालवली. उगाच आडपडदा कशाला? मी जगतापांवर जळत होतो. सकाळी चहाबरोबर जळायचो, संध्याकाळी झाडांना पाणी घालताना जळायचो आणि रविवारी सुट्टी असल्यामुळे दिवसभर जळायचो.

अशाच एका रविवारी मी स्टुलावर उभा राहून भिंतीपलीकडे पाहत होतो. (पाहायला बंदी नाही. स्टूल आमचं आहे.) गुलाबाच्या वाफ्याला टेकून एक पोतं उभं होतं. त्यावर मोठ्या अक्षरात खताचं नाव छापलेलं. बस्स! तीन चषकांचं गुपित माझ्या हाती लागलं होतं! ते खत कोणतं, हे मी घरात कुणाला सांगितलं नाही आणि तुम्हालाही योग्य वेळी सांगेन.

त्याच्या पुढच्या रविवारी बायको, म्हणजे नीला, बहिणीकडे कात्रजला गेली. अनिकेत जिलबी-मठ्ठ्याला लस टोचायला घेऊन गेला. मी एकटाच. फीत, सुतळी आणि खडू घेऊन मी परस आखून काढलं. चार रांगा, रांगेत सहा जागा, प्रत्येक जागा शेजारच्या जागेपासून तीन फुटांवर. प्रत्येक ठिकाणी सहा इंच खोल, एक मूठ खत. वरून माती सारखी केली, पाणी मारलं, हात धुतले आणि मंडळी परत आली तेव्हा वर्तमानपत्र वाचत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात तीन खड्डे!

"अहो, हे काय?" नीला दारातून ओरडली.

जिलबी खड्ड्यात डोकं घालून उभी होती. बाहेर फक्त अडीच वेढे दिसत होते. मठ्ठा बाजूला, नाकावर माती, चेहऱ्यावर अपार समाधान.

"वयात आलीत," मी जाणकारासारखं सांगितलं.

आठवडाभरात खड्डे नऊ झाले. आणि भिंतीवर जगतापांचं डोकं उगवलं. त्यांना स्टूल लागत नाही. तेही मला खुपतं.

"काय, पाणी लागलं का?"

"कुत्र्यांचं चाललंय जरा," मी म्हणालो.

"असू दे, असू दे. मला वाटलं मेट्रो आता तुमच्या घरावरून नेतायत." मग मागे वळून, "राणी, बस!" राणी बसलेलीच होती. ती आणखी बसली.

मी चंगच बांधला. पहिला उपाय लिंबाच्या सालींचा. कुत्र्यांना तो वास आवडत नाही, असं कळलं होतं. खड्ड्याखड्ड्यात साली टाकल्या. मठ्ठ्याने त्या एकेक उचलून, दातांत अलगद धरून, माझ्या चपलेत आणून ठेवल्या. नीला म्हणाली, "लोणच्याची लिंबं होती ती."

दुसरा उपाय अनिकेतचा. "बाबा, दे आर बोअर्ड. एनर्जी बाहेर पडत नाही त्यांची. वॉक वाढवा." मी दोन किलोमीटरचं फिरणं पाच किलोमीटर केलं. तळजाईचा चढ धरून. पंधरा दिवसांत माझं वजन दीड किलोने उतरलं आणि गुडघा धरला. कुत्र्यांची तब्येत मात्र अशी सुधारली की जो खड्डा काढायला आधी वीस मिनिटं लागत, तो बारा मिनिटांत व्हायला लागला!

तिसरा उपाय वाळूचा. कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फूट हौदा केला, वाळू भरली, आत रबरी चेंडू पुरले. कुत्र्यांनी हवं तेवढं इथे उकरावं, अशी कल्पना. दोघं आली, हुंगली आणि निघून गेली. हौदा गल्लीतल्या मांजरांना पसंत पडला. कशासाठी, ते लिहीत नाही.

चौथा उपाय म्हणजे मी स्वतः. खुर्ची टाकून शिट्टी घेऊन बसलो. नख जमिनीला लागलं की शिट्टी. पहिल्या दिवशी एकदाही वाजवावी लागली नाही. आत जाऊन चहा घेतला, बाहेर आलो. खुर्चीचा मागचा पाय चौदाव्या खड्ड्यात!

शेवटी मान खाली घालून मी भिंतीपाशी गेलो. "जगताप, तुमची राणी उकरत नाही. काय करता तुम्ही?"

त्यांनी गुलाबाची एक वाळकी पाकळी दोन बोटांत धरून काढली. "शिस्त," ते म्हणाले. "घरातल्या माणसांना असली की कुत्र्यांना येते."

मला! मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक झाली तरी माल परत पाठवणाऱ्या माणसाला!

त्याच आठवड्यात आमचं फाटक उघडं राहिलं आणि जिलबी-मठ्ठा थेट जगतापांच्या परसात शिरले. मी धावलो. पण अर्ध्या वाटेत पाय आपोआप थांबले. मी मागे फिरलो, स्टूल घेतलं, वर चढलो. समोर ती अखंड हिरवळ, आणि तिच्यावर माझी दोन पट्टीची खड्डेकरी! मी हात जोडले. कुठल्या देवाचं नाव घेतलं ते सांगत नाही, त्याला उगाच कमीपणा.

दोघं राणीशेजारी जाऊन बसली. पुढचे पाय जुळवून. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"उकर ना गं, जिलबे," मी दबक्या आवाजात म्हणालो. "मठ्ठ्या, एक तरी! एवढासा!"

"अहो," मागून नीलाचा आवाज आला, "स्टुलावरून उतरा."

चाळीस मिनिटांनी जगतापांनी दोघांना परत आणून सोडलं. मठ्ठा त्यांचा हात चाटत होता. माझा हात त्याने कधी असा मन लावून चाटला नाही. "गुणी आहेत हो तुमची," जगताप म्हणाले. "आमच्याकडे असली की." आणि फाटक लागताक्षणी जिलबीने माझ्या डोळ्यांदेखत सतरावा खड्डा घेतला!

आता माझी खात्री पटली, की हे जगतापांचंच काम. ते भिंतीपलीकडून काही खुणा करत असणार. मी दोन दिवस त्यांच्या शिंका आणि खोकले कान देऊन ऐकले. चार शिंका, सात खोकले. खड्ड्यांशी मेळ बसला नाही.

मग नीलाचा पाय सतराव्या खड्ड्यात गेला. घोटा सुजला. ती आरामखुर्चीत पाय वर करून बसली आणि शांतपणे म्हणाली, "स्पर्धेचे परीक्षक येतील त्या दिवसापर्यंत मुदत. खड्डे थांबले तर ठीक. नाही तर दोघं सासवडला, दादाच्या मळ्यात. तिथे खणू देत हवं तेवढं."

नीला ओरडते तेव्हा काही होत नाही. शांतपणे बोलते ते होतं.

पण मठ्ठा माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपतो, आणि माझ्या आसपास इतकं निर्धास्त आजवर कुणी झोपलेलं नाही. ती जागा रिकामी झाली असती तर मी कुठे पाहिलं असतं?

मी माझं शेवटचं हत्यार काढलं. माप. प्रत्येक खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, भिंतीपासूनचं अंतर. आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले आणि थक्क झालो. ठिपके सरळ रेषेत! चार रांगा! दोन खड्ड्यांमधलं अंतर बरोबर तीन फूट, चूक फार तर अर्धा इंच! मला भरून आलं. कोण म्हणतं या घरात शिस्त नाही? जगतापांची राणी नुसती बसते. माझी कुत्री आखणी करतात!

स्पर्धेच्या सकाळी चोविसावा खड्डा झाला. अकराला परीक्षक आल्या. शेतीच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या बाई, डोक्याला टोपी, हातात छोटं खुरपं. सोबत रीतीप्रमाणे गेल्या वर्षीचे विजेते. म्हणजे जगतापच. नीला लंगडत दारात उभी. सासवडला करायचा फोन तिच्या हातात.

बाईंनी टोपी मागे सारून परस पाहिलं.

"हे काय आहे?"

"बाई, हे दुर्लक्ष नाही," मी कागद पुढे केला. "ही पद्धत आहे. पाहा. माझ्या कुत्र्यांना उपजत मोजमाप कळतं."

बाईंनी कागद पाहिला. परस पाहिलं. पुन्हा कागद पाहिला. मग खाली बसून खड्ड्यातली चिमूटभर माती नाकाशी नेली.

"इथे काय पुरलं होतं?"

"काही नाही," नीला म्हणाली.

मी आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

"हाडांचा चुरा आहे हा," बाई म्हणाल्या. "चोवीस ठिकाणी, तीन-तीन फुटांवर. इतक्या शिस्तीत खत घालणारा माणूस मी नोकरीत कधी पाहिला नाही. आणि घरात दोन कुत्री असताना हाडं पुरणाराही पाहिला नाही."

"अहो!" नीला म्हणाली. "कधी?"

"तू कात्रजला गेली होतीस तेव्हा."

"आणि हे डोक्यात कुठून आलं?"

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. "जगतापांच्या वाफ्यापाशी पोतं पाहिलं," मी म्हणालो. "त्यावर लिहिलं होतं. खत कधीच मुरलं असेल असं वाटलं."

जगतापांनी आधी माझ्याकडे, मग भिंतीकडे, मग भिंतीलगतच्या स्टुलाकडे पाहिलं. "ते पोतं? रिकामं होतं ते. वाळका पाला भरायला नर्सरीतून मागून आणलं होतं. अहो, घरात राणी असताना हाडांचा चुरा कोण घालेल?"

राणीसुद्धा भिंतीपलीकडे एकदा भुंकली. वर्षभरातलं तिचं तेवढंच बोलणं मी ऐकलं.

"बाई," नीलाने विचारलं, "मग ही दोघं थांबणार कधी?"

"थांबलीच. चोवीस मुठी पुरल्या, चोवीस उकरल्या. पंचविसावा खड्डा कशाला काढतील?"

नीलाने फोन पदराआड ठेवला. मठ्ठा येऊन माझ्या चपलेवर आडवा झाला. पंचविसावा खड्डा आजतागायत झालेला नाही. मी रोज मोजतो.

पहिलं बक्षीस अर्थात जगतापांना. चौथा चषकही त्याच खिडकीत. पण बाईंनी यंदा एक उत्तेजनार्थ प्रमाणपत्र काढलं. रोपांसाठी इतके सारखे आणि इतक्या बरोबर अंतरावरचे खड्डे संबंध सोसायटीत कुणाकडे नव्हते म्हणे. चार वर्षं मी या स्पर्धेत भाग घेतोय, आणि आमच्या घरात आलेलं हे पहिलंच प्रमाणपत्र. नीलाने ते चौकटीत घालून जगतापांच्या बाजूच्या खिडकीत लावलं आहे.

त्यावर ठळक अक्षरात लिहिलंय : "जिलबी आणि मठ्ठा."

माझं नाव कुठेही नाही. पालक म्हणूनसुद्धा नीलाचं आहे! तेव्हा हल्ली मी जगतापांवर जळत नाही. वेळच मिळत नाही. चहाबरोबर जिलबीवर जळतो, पाणी घालताना मठ्ठ्यावर जळतो, आणि रविवारी सुट्टी असल्यामुळे दिवसभर दोघांवर जळतो.