गाडीला बांधलेले झाप

माझ्या आमिरचे अब्बा, म्हणजे आमचे सिराजुद्दीन, यांची तऱ्हाच वेगळी. अर्धं आयुष्य कतारला एका शेठची गाडी चालवली, आणि कायमचे घरी आल्यावर घेतलं काय? तर गाडीच! जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आतल्या सीटा काढल्या, पलंग टाकला, छोटासा ओटा बसवला, बाहेरून निळा रंग मारला आणि दिवेआगरच्या आमच्या वाडीत आणून उभी केली. पर्यटक येतील, गाडीत राहतील, मग परत परदेशाचं तोंड बघायला नको, म्हणाले. मी तर अल्लाहचे आभार मानायला शुक्रान्याची नमाज पढले. खोटं कशाला बोलू?

पण मे महिना उजाडला आणि गाडीची भट्टी झाली. चक्रीवादळात आमच्या नारळी-पोफळी झोपल्या, नवी झाडं अजून धड सावली देत नाहीत. एसी चालतो तो इंजिन सुरू असेपर्यंत. आलेले पाहुणे दुपारी उठून आमच्या पडवीत येऊन बसायचे आणि दुसऱ्या दिवशी बॅगा भरायचे.

त्यात शेठचा फोन. बकरी ईदपर्यंत सांग, येतोस की दुसरा ड्रायव्हर बघू? रात्री कपाटातून पासपोर्ट काढून बघताना मी यांना पाहिलं.

मग उपाय सुरू झाले. मी जाड मखमली पडदे शिवले. यांनी काचांना आतून चंदेरी कागद चिकटवले, आखातात सगळे असंच करतात म्हणे. जरा फरक पडला, पण आत जाऊन बसलं की घामाच्या धारा त्याच. काच तापायची, ती पडद्याला तापवायची, आणि पडदा आम्हाला.

एके दिवशी मी पडवीच्या बाहेरून झाप बांधत होते. नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, दरवर्षी पावसाआधी बांधतो तेच. हे आले आणि म्हणाले, "बानू, आणखी एक जाड पडदा शिव ना."

माझं डोकंच फिरलं. "अहो, पाऊस आपण बाहेरच अडवतो ना? आत घेऊन मग लादी पुसत बसतो का? मग उन्हालाच कशाला आत बोलावता?"

यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या झापाकडे.

"माझी गाडी काय गोठा आहे?" म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

शेजारच्या नीराबाईकडून आणखी झाप आणले. हे तोंड वाकडं करत शिडीवर चढले, आणि मग आपल्या स्वभावाप्रमाणे त्यात असे रमले की मला दोरीला हात लावू देईनात! टपावर झाप, खिडक्यांवर झाप, काच आणि झाप यांच्यात वीतभर जागा, वारा खेळायला. नीराबाई हसून म्हणाली, "दादा, नवरी नटवलीत जणू!"

दुसऱ्या दिवशी दुपारची जोहरची नमाज झाल्यावर हे गाडीत शिरले. "बघून येतो," म्हणाले. मी कोकम सरबत करून वाट बघत बसले. माणूस बाहेर येईना. हाक मारली, ओ नाही. या अल्लाह, उन्हाने चक्कर आली की काय! धावत जाऊन दार उघडलं.

उघड्या खिडक्यांतून समुद्राचा वारा आरपार वाहत होता. आणि पलंगावर आमचे साहेब, तोंड उघडं, मस्त घोरत होते.

उशाशी फोन वाजला. शेठचाच. मी पटकन उचलून बाहेर आले.

सिराज कुठे आहे, त्याने विचारलं. झोपलेत, म्हटलं. उठव, म्हणाला.

"नाही उठवणार," मी म्हटलं. "पुष्कळ वर्षं तुमच्यासाठी जागले. आता ते आपल्या घरी झोपलेत." आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मात्र भानावर आले. मी न विचारता केवढं बोलून बसले! हे उठल्यावर भीत भीत सगळं सांगितलं. यांनी डोळे चोळले, खिडकीवरच्या झापाकडे बघितलं.

"बरं केलंस," म्हणाले. "पासपोर्ट तुझ्या पेटीत ठेव. आणि चहा टाक."